परवान्याची भूमी आणि निर्वासित माणूस : ‘द हंग्री टाइड’ या कादंबरीतील राज्यसत्तेचे चित्रण

प्रास्ताविक

विस्थापनाच्या साहित्याचा विचार करताना आपल्याकडील समीक्षा बहुधा दोन ठिकाणी थांबते. एक म्हणजे फाळणीच्या वेळचा हिंसाचार आणि दुसरे म्हणजे धरणाखाली गेलेली गावे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते. सीमा ओलांडून आलेला माणूस ज्या देशात आला, त्याच देशात पुन्हा पुन्हा उठवला जातो आणि अखेर ‘येथे राहण्यास मनाई आहे’ अशी पाटी असलेल्या भूमीवर येऊन ठेपतो. अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ (२००४) ही इंग्रजी कादंबरी या तिसऱ्या अवस्थेची कादंबरी आहे. सुंदरबनातील मरिचझापी या बेटावर १९७८-७९ मध्ये घडलेली निर्वासितांची हकालपट्टी हा तिच्या कथानकाचा एक पदर आहे.

या कादंबरीची चर्चा आजवर मुख्यत्वे पर्यावरणवादी दृष्टीने झाली आहे. वाघ की माणूस, संवर्धन की उपजीविका, अशा द्वंद्वात तिचे वाचन केले जाते. ते वाचन चुकीचे नाही. परंतु त्यात राज्यसत्ता ही केवळ पार्श्वभूमी ठरते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या कादंबरीतील राज्यसत्तेचे खरे सामर्थ्य बंदुकीपेक्षा भूमीला ‘प्रतिबंधित’ ठरविण्याच्या अधिकारात आहे. हा अधिकार माणसाला एका क्षणात रहिवाशाचा घुसखोर करतो. घोष यांनी ही प्रक्रिया विलक्षण स्पष्टतेने दाखविली आहे. मात्र त्या घुसखोर ठरलेल्या माणसाची साक्ष कोणी नोंदवावयाची, या प्रश्नापाशी कादंबरी अडखळते, असेही नमूद करणे आवश्यक आहे.

मरिचझापीची पार्श्वभूमी

कादंबरीचे मर्म समजून घेण्यासाठी इतिहासाचा थोडक्यात आढावा घ्यावा लागतो. १९४७ च्या फाळणीने सुंदरबनाचेही दोन भाग झाले. रायमंगल व हरिभंगा या नद्यांच्या पात्रांतून आंतरराष्ट्रीय सीमा गेली. पलीकडे खुलना, अलीकडे चोवीस परगणा. परंतु खारफुटीचे जंगल, चिखल आणि भरती-ओहोटी दोन्हीकडे सारखीच राहिली. पूर्व बंगालमधून पहिल्या काही वर्षांत आलेल्या निर्वासितांत सुशिक्षित, उच्चवर्णीय कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. त्यांतील अनेकांनी कोलकात्याच्या दक्षिणेकडील मोकळ्या जमिनींवर वसाहती उभारल्या. त्या वसाहती कायद्याने अतिक्रमणेच होती. तरीही कालांतराने त्यांना मान्यता मिळाली. पुढे, विशेषतः १९५० नंतर आणि १९६४ च्या दंगलींनंतर, आलेले लोक बहुतांशी नामशूद्र शेतकरी व कोळी होते. त्यांच्यासाठी राज्यात जागा नाही असे सांगण्यात आले. १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि रायपूरजवळील माना छावणीतून या लोकांना कोरापूट व बस्तरच्या माळरानांवर, जंगलांत पाठविण्यात येऊ लागले.

मराठी वाचकाला दंडकारण्य हे नाव रामकथेमुळे परिचित आहे. वनवासाची ती भूमी. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांतील बंगाली वस्त्या याच पुनर्वसनाच्या इतिहासाशी नाते सांगतात. नदीच्या गाळात भातशेती व मासेमारी करणाऱ्या लोकांना खडकाळ, पाणी नसलेली जमीन देणे म्हणजे पुनर्वसनाच्या नावाने दुसऱ्यांदा केलेले विस्थापनच होते. शिवाय ती जमीन मोकळी नव्हती. तिच्यावर आदिवासींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क होते. अशा रीतीने शासनाने एका वंचिताला दुसऱ्या वंचिताच्या दारात नेऊन बसविले.

विरोधी पक्षात असताना डाव्या पक्षांनी या निर्वासितांना पश्चिम बंगालमध्येच वसवावे अशी मागणी केली होती. १९७७ मध्ये डावी आघाडी सत्तेवर आली, तेव्हा दंडकारण्यातील हजारो कुटुंबांनी होते नव्हते ते विकून बंगालची वाट धरली. सरकारने त्यांतील बहुतेकांना परत धाडले. तरीही १९७८ च्या एप्रिलपासून सुमारे तीस हजार लोक मरिचझापीवर पोहोचले. त्यांनी बांध घातले, कूपनलिका खोदल्या, मत्स्यतळी व मिठागरे केली, शाळा व दवाखाना सुरू केला. शासनाने मात्र हे बेट राखीव वनाचा भाग असल्याचे जाहीर केले. सुंदरबन व्याघ्र प्रकल्प १९७३ पासून अस्तित्वात होताच. वस्तुतः मरिचझापीवरील मूळ झाडी १९७५ मध्येच तोडून तेथे शासकीय योजनेतून नारळाची लागवड करण्यात आली होती. जानेवारी १९७९ च्या शेवटच्या आठवड्यात जमावबंदी लागू करून पोलिसी नौकांनी बेटाची नाकेबंदी केली; अन्न, पिण्याचे पाणी व औषधे रोखली. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. फेब्रुवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने जीवनावश्यक वस्तू रोखू नयेत असा आदेश दिला. तरीही मेच्या मध्यास झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. पत्रकारांनाही तेथे जाण्यास मज्जाव होता. मृतांची शासकीय संख्या मोजकी, तर निर्वासितांच्या बाजूने सांगितली जाणारी संख्या शेकड्यांत आणि हजारांत आहे. आकड्यांमधील ही तफावत हाच प्रतिबंधित क्षेत्राचा परिणाम होय. जेथे साक्षीदाराला प्रवेश नसतो, तेथे मृतांची मोजदादही मारणाऱ्याच्या हाती राहते.

एकच नियम, दोन काळ

घोष यांनी हा इतिहास सरळ कथन केलेला नाही. कादंबरीचे दोन काळ आहेत. वर्तमानकाळात पियाली रॉय ही अमेरिकेत वाढलेली बंगाली वंशाची संशोधक नदीतील डॉल्फिनचा अभ्यास करण्यासाठी सुंदरबनात येते. दिल्लीत भाषांतराचा व्यवसाय करणारा कनाई आपल्या मावशीकडे, नीलिमाकडे, लुसिबारी या काल्पनिक बेटावर येतो. त्याच्यासाठी त्याचे दिवंगत काका निर्मल यांनी एक वही ठेवलेली असते. या वहीतून १९७९ चा भूतकाळ उलगडतो. ‘भाटा’ आणि ‘जोआर’, म्हणजे ओहोटी आणि भरती, असे कादंबरीचे दोन भाग आहेत. ओहोटीत उघडी पडणारी आणि भरतीत नाहीशी होणारी जमीन हे तिचे स्थळही आहे आणि तिचे सूत्रही.

या दोन काळांना जोडणारा दुवा म्हणून समीक्षक सामान्यतः फोकिरकडे पाहतात. फोकिर हा मरिचझापीवर मारल्या गेलेल्या कुसुमचा मुलगा. १९७९ मध्ये जेमतेम पाच वर्षांचा. वर्तमानकाळात तो खेकडे व मासे पकडून पोट भरणारा निरक्षर कोळी आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा दुवा परवाना हा आहे. कादंबरीच्या आरंभीच पियाला वनखात्याचा परवाना मिळवावा लागतो आणि त्याबरोबर एक वनरक्षकही सक्तीने घ्यावा लागतो. या वनरक्षकाला फोकिरची होडी निषिद्ध पाण्यात दिसते. तो दंडाच्या नावाखाली फोकिरजवळचे पैसे काढून घेतो. त्या गडबडीत पिया पाण्यात पडते आणि फोकिर तिला वाचवतो.

वरवर पाहता ही कथानकाला गती देणारी घटना आहे. पण तिची रचना बारकाईने पाहावी. एकाच पाण्यात दोन माणसे आहेत. एक कालच परदेशातून आलेली, भाषा न जाणणारी. पण तिच्याजवळ कागद आहे. दुसरा या खाड्यांत वाढलेला, प्रत्येक प्रवाहाचा स्वभाव ओळखणारा. पण त्याच्याजवळ कागद नाही. नियमानुसार घुसखोर ठरतो तो दुसरा. त्याच्या आईलाही नेमके हेच सोसावे लागले होते. कुसुम तर त्याच भाटीर देशात जन्मलेली होती. आईच्या शोधात धनबादला गेलेली ही मुलगी निर्वासितांच्या जथ्याबरोबर परतते आणि स्वतःच्याच प्रदेशात बेकायदा ठरते. आई आणि मुलगा यांच्यामध्ये वीसेक वर्षांचे अंतर आहे. दरम्यान या जंगलातील काही भागाला १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परवान्याचे तर्कशास्त्र मात्र तसूभरही बदललेले नाही. पहिल्या प्रसंगात त्या तर्काचे हत्यार बंदूक होते, दुसऱ्यात दंडाची रक्कम आहे, एवढाच फरक. अपवादात्मक हिंसा आणि रोजची लाचलुचपत यांचे मूळ एकच आहे, हे लेखकाने कोणतेही भाष्य न करता सुचविले आहे.

कुसुमच्या तोंडी आलेला एक उद्गार या कादंबरीत सर्वाधिक उद्धृत केला जातो. उपासमारीपेक्षाही तिला अधिक जाचते ती पोलिसांची ध्वनिक्षेपकावरची घोषणा. हे बेट झाडांसाठी आणि प्राण्यांसाठी राखलेले आहे, जगभरातील लोकांनी त्यासाठी पैसा दिला आहे, हे ती दिवसेंदिवस ऐकते. आपला गुन्हा एवढाच की आपण माणसे आहोत आणि माणसांप्रमाणे जमीन आणि पाणी यांवर जगू पाहतो, असा तिच्या विचाराचा आशय आहे. या उद्गाराचे वाचन अनेकदा वन्यजीव संवर्धनाच्या विरोधातील विधान म्हणून झाले. ते अपुरे आहे. ज्या बेटावर शासनानेच नारळ लावले, त्या बेटाच्या संदर्भात वाघाचे नाव घेणे ही एक शासकीय सबब होती. कुसुमला वाघाचा राग नाही. कोणत्या जागेवर कोणाचा हक्क हे ठरविणारा दूरचा, अदृश्य, प्रश्न विचारता न येणारा निर्णयकर्ता कोण, हा तिचा प्रश्न आहे. तो निर्णयकर्ता तिच्यासमोर कधीच येत नाही. येतो तो केवळ त्याचा ध्वनिक्षेपक.

नीलिमाचा पेच

राज्यसत्तेच्या चित्रणात घोष यांनी दाखविलेली सर्वांत प्रौढ जाण नीलिमेच्या व्यक्तिरेखेत आढळते. तिने लुसिबारीवर विधवांना, आजाऱ्यांना आधार देणारी बादाबन ट्रस्ट ही संस्था व रुग्णालय उभे केले आहे. मरिचझापीवरील लोकांसाठी वैद्यकीय मदत पाठवावी अशी निर्मल तिला विनंती करतो. ती नकार देते. सरकारचा रोष ओढवला तर रुग्णालय बंद पडेल, असे तिचे म्हणणे असते. निर्मलला हा भ्याडपणा वाटतो. वाचकालाही प्रथम तसेच वाटते.

परंतु कादंबरी नीलिमेला खलनायिका करीत नाही. तिचे रुग्णालय खरोखरच माणसे वाचविते; निर्मलच्या क्रांतीने मात्र कोणालाही वाचविलेले नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा हा मुख्याध्यापक तारुण्यातील डाव्या स्वप्नांचा अवशेष आहे. निर्वासितांनी उभारलेल्या वसाहतीत त्याला आपले राहून गेलेले स्वप्न दिसते. येथे लेखकाने राज्यसत्तेची एक कमी चर्चिली गेलेली बाजू उघड केली आहे. प्रतिबंधित क्षेत्राची सीमा केवळ पोलीस राखीत नाहीत. अनुदान, मान्यता आणि परवानगी यांवर अवलंबून असलेली सद्‌हेतूची संस्थाही ती सीमा पाळते, आणि पाळता पाळता तिची राखणदार बनते. संस्थात्मक समाजकार्याची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हा पेच परका वाटणार नाही. नीलिमेला दोष देणे सोपे आहे. तिच्या जागी आपण काय केले असते, या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण आहे.

साक्ष कोणाची?

येथपर्यंत कादंबरीचे सामर्थ्य पाहिले. आता तिच्या मर्यादेचा विचार करावयाचा आहे.

मरिचझापीची सर्व हकिकत निर्मलच्या वहीतून येते. निर्मल सवर्ण, सुशिक्षित, जर्मन कवी रिल्केचा भक्त आहे. वही लिहिली जाते ती कनाईसाठी, म्हणजे कोलकात्यात वाढलेल्या दुसऱ्या भद्रलोकासाठी. कुसुम बोलते ती निर्मलच्या लेखणीतून. कुसुमच्या अखेरीविषयी जे कळते ते होरेन या नावाड्याच्या ऐकीव माहितीतून. स्वतः निर्वासितांपैकी कोणीही या कादंबरीत कथक होत नाही. फोकिरला तर भाषाच जवळजवळ नाकारलेली आहे. पियाला त्याची भाषा कळत नाही. कनाई जे भाषांतरित करतो त्यात त्याचा स्वतःचा अहंकार मिसळतो. फोकिर गातो, होडी वल्हवतो, दिशा दाखवतो आणि अखेरीस चक्रीवादळात पियाला आपल्या शरीराने झाकून मरतो.

हे निर्वासित बहुतांशी दलित होते, याचा उल्लेख कादंबरीत येतो. पण तो उल्लेखाच्या पातळीवरच राहतो. कथेच्या घडणीत जातीला स्थान मिळत नाही. कोलकात्यातील अतिक्रमणे नियमित झाली आणि मरिचझापीवरील जाळली गेली, या भेदाचे स्पष्टीकरण केवळ वन कायद्याने होत नाही. जे पूर्व बंगालचे नामशूद्र पुढे दंडकारण्यात पाठविले गेले, त्यांच्याच नेत्यांनी, विशेषतः जोगेंद्रनाथ मंडल यांनी, १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणले होते. मुंबई प्रांतातून त्यांची वाट अडविली गेली होती. ज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांनी संविधानाच्या शिल्पकाराला सभेत स्थान मिळाले, त्याच समाजाला स्वतंत्र देशात राहण्यासाठी एक बेट मिळू नये, ही गोष्ट मराठी वाचकाला अस्वस्थ करणारी आहे. कादंबरी या इतिहासापर्यंत पोहोचत नाही.

मराठी साहित्यात दलित आत्मकथनांनी सहानुभूती आणि साक्ष यांतील अंतर पाच दशकांपूर्वीच स्पष्ट केले. दुसऱ्याने कितीही तळमळीने सांगितले तरी भोगणाऱ्याच्या कथनाची जागा ते घेऊ शकत नाही, हा त्या वाङ्‌मयाचा धडा आहे. बंगालीतही हा अभाव पुढे भरून निघू लागला. बरिशालच्या नामशूद्र कुटुंबात जन्मलेले, निर्वासित छावणीत वाढलेले आणि रिक्षा ओढून उपजीविका केलेले मनोरंजन ब्यापारी यांचे ‘इतिवृत्ते चांडाल जीवन’ हे आत्मकथन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे घोष यांच्या कादंबरीचे मूल्य कमी होत नाही. तिची जागा मात्र नेमकी ठरते. ही निर्वासितांची कादंबरी नव्हे. निर्वासितांकडे पाहणाऱ्या, त्यांच्यासाठी काही करू न शकलेल्या माणसांची ही कादंबरी आहे. तशी ती वाचली तर अधिक प्रामाणिक ठरते.

वही आणि यंत्र

लेखकाला या मर्यादेची जाणीव नसेल असे म्हणता येत नाही. कादंबरीच्या अखेरीस एक सूचक घटना घडते. चक्रीवादळ येऊ घातलेले असताना कनाईचा पाण्यात तोल जातो आणि निर्मलची वही वाहून जाते. मरिचझापीचा एकमेव लिखित दस्तऐवज त्याच पाण्याने गिळला, ज्या पाण्याने माणसे गिळली होती. याउलट पियाजवळचे स्थाननिश्चितीचे यंत्र वाचते. फोकिरने दाखविलेला प्रत्येक मार्ग त्यात आकड्यांच्या रूपाने नोंदलेला असतो. त्याच नोंदीच्या आधारे पिया नवा संशोधन प्रकल्प आखते, त्याला फोकिरचे नाव देते आणि तो नीलिमेच्या संस्थेमार्फत चालवावा असे सुचविते. संवर्धनाचा भार सर्वांत गरिबांच्या शिरावर पडू नये, ही तिची अट असते.

हा शेवट आश्वासक मानला गेला आहे. तो तसा आहेही. तरीही एक शंका उरते. फोकिरच्या ज्ञानाची नोंद झाली. पण ज्या गुन्ह्यासाठी वनरक्षकाने त्याला लुटले, तो गुन्हा गुन्हाच राहिला. प्रकल्पाला त्याचे नाव मिळाले, त्याच्या जातभाईंना परवाना मिळाला की नाही हे कादंबरी सांगत नाही. मार्ग वाचला, मार्गस्थ गेला. राज्यसत्तेने आखलेल्या सीमेला धक्का न लावता तिच्या आत अधिक सहृदयतेने काम करणे, एवढीच या शेवटाची झेप आहे. म्हणजेच पिया शेवटी नीलिमेच्याच वाटेवर येते. निर्मलने १९७९ मध्ये विचारलेला प्रश्न, की ही सीमा आखली कोणी आणि कोणाला विचारून, तो वहीबरोबर वाहून जातो. कनाई ती वही स्मरणातून पुन्हा लिहिण्याचे ठरवितो. परंतु आता ती तिसऱ्या हाताची साक्ष असेल.

समारोप

‘द हंग्री टाइड’ ही कादंबरी निर्वासिताच्या दुःखाची करुण कहाणी सांगून थांबत नाही. भूमीला प्रतिबंधित ठरविणारा अधिकार माणसाची ओळख कशी बदलतो, तो अधिकार वनरक्षकापासून समाजसेवी संस्थेपर्यंत किती हातांनी राबविला जातो आणि साक्षीदाराला बाहेर ठेवून तो स्वतःचा इतिहास कसा पुसतो, हे ती दाखविते. तिची मर्यादा अशी की, पुसलेला इतिहास पुन्हा लिहिण्याचे कामही ती परवानाधारकांकडेच सोपविते.

हा प्रश्न १९७९ मध्ये संपलेला नाही. २००३ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने ‘बेकायदा स्थलांतरित’ या कोटीची व्याख्या केली. २०१९ च्या दुरुस्तीने काही धर्मांच्या लोकांना तिच्यातून सवलत दिली. नामशूद्र व मतुआ समाजातील अनेक कुटुंबे या दोन कायद्यांच्या मधोमध आपली कागदपत्रे शोधत राहिली. मरिचझापीवर विचारला गेलेला ‘तुमच्याजवळ परवाना आहे काय’ हा प्रश्न वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या शब्दांत त्यांना पुन्हा विचारला गेला. साहित्याने या प्रश्नाचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा नाही. परंतु समीक्षेने निदान एवढे पाहावे, की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांपैकी कोणाची वही जपली गेली आणि कोणाची पाण्यात गेली.